बेडरूममधला एसी: वारा कुठं, पाणी कुठं

एसी बसवायला ड्रिल मशीन हातात घेऊन स्टुलावर चढलेला माणूस फार वेळ थांबत नाही. एप्रिलात तर नाहीच, त्याला त्या दिवशी आणखी चार घरं उरकायची असतात. पुण्यात बाणेरला माझ्या मावसबहिणीच्या बेडरूममध्ये तो असाच उभा होता आणि खाली तीन माणसं तीन भिंतींकडं बोट दाखवत होती. तिच्या सासूबाई म्हणत होत्या, वायव्येला लावा, वायूची दिशा ती. बहिणीनं फेंगशुईचं, म्हणजे घराच्या मांडणीच्या चिनी शास्त्राचं, बरंच वाचलं होतं, तिचा हट्ट एकच, पलंगाच्या डोक्यावर नको. भाऊजी म्हणत होते की बिल्डरनं पॉइंट दिलाय तिथंच लावा, उगाच तोडफोड कशाला. आणि बिल्डरनं पॉइंट दिला होता तो नेमका पलंगाच्या डोक्यावर.

मी घरांच्या अंतर्गत सजावटीची कामं करते म्हणून मला पंच म्हणून बोलावलं होतं. पण पहिला मुद्द्याचा प्रश्न त्या स्टुलावरच्या मुलानंच विचारला. ‘मॅडम, दिशा नंतर बघू. पाणी कुठं काढायचं ते आधी सांगा.’

गंमत अशी, की त्या मुलाला माहीत नसताना तो फेंगशुईच बोलत होता. चिनी भाषेत फेंग म्हणजे वारा आणि शुई म्हणजे पाणी. आता एसी काय करतो? वारा सोडतो आणि पाणी गाळतो. घरातल्या सगळ्या यंत्रांत या शास्त्राच्या नावाला इतकं चपखल बसणारं दुसरं यंत्र मला तरी आठवत नाही.

अर्थात फेंगशुईच्या जुन्या पोथ्यांत एसी असणं शक्यच नाही. विलिस कॅरिअर या अमेरिकन इंजिनिअरनं 1902 साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी पहिलं आधुनिक वातानुकूलन यंत्र आखलं, तेही माणसांसाठी नव्हे, कागदासाठी. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंगीत छपाई सरकायची. फेंगशुईचा जो एक पायाभूत ग्रंथ मानतात, तो सांगितला जातो चौथ्या शतकाच्या सुरुवातीला होऊन गेलेल्या ग्वो पू याच्या नावावर, आणि त्याचा विषय आहे थडग्यासाठी जागा कशी निवडावी हा. त्यातला मूळ विचार साधा आहे. जीवनशक्ती वाऱ्याबरोबर उधळून जाते आणि पाण्याशी आली की थांबते. म्हणून जागा अशी हवी, जिथं वारा झोडपत नाही आणि पाणी जवळ आहे. पाठीशी डोंगर, समोर मोकळं, पुढं वाहतं पाणी. पुणेकराला हे समजायला चीनला जायची गरज नाही. लॉ कॉलेजच्या टेकडीला पाठ आणि मुठेकडं तोंड करून बसलेलं एरंडवणं डोळ्यांपुढं आणावं.

त्या शक्तीला चिनी शब्द आहे ‘ची’. मराठीत हा षष्ठीचा प्रत्यय असल्यामुळं वाक्यात तो कायम कुणाची तरी ‘ची’ वाटतो, तेव्हा मी पुढं सरळ ‘प्रवाह’ म्हणणार आहे. प्रवाह अडला तर कुबट, सुसाट सुटला तर घातक, हळू वळसे घेत फिरला तर चांगला. बेडरूममधल्या एसीबद्दल आज जे काही नियम सांगितले जातात, ते सगळे कुणीतरी या जुन्या विचारावरून अलीकडं काढलेले आहेत. त्यामुळं ‘शास्त्रात असं लिहिलंय’ असं कुणी म्हणालं, तर घाबरून जायचं कारण नाही. लिहिलंय ते वाऱ्याबद्दल आणि झोपणाऱ्या माणसाबद्दल.

मग आधी झोपणारा माणूस.

फेंगशुईत बेडरूमचा राजा पलंग. त्याची जागा ठरली की बाकीच्यांनी आपापलं बघायचं. पलंगाच्या उशाशी सलग, भक्कम भिंत हवी (हाच तो पाठीशी असलेला डोंगर), पडल्या पडल्या दार दिसायला हवं, पण पाय थेट दाराच्या रेषेत नकोत. डोक्यावर तुळई नको, जड वस्तू लोंबकळती नको. एसीबद्दलचा सगळ्यात पक्का नियम इथूनच निघतो. उशाच्या वर एसी लावू नये. आणि दुसरा, वाऱ्याचा झोत अंगावर सरळ येऊ नये, कारण सरळ रेषेत सुसाट येणारा प्रवाह म्हणजे बाण.

हे दोन्ही नियम मी डोळे झाकून मान्य करते, आणि त्यासाठी मला चीनची साक्ष लागत नाही. एसीतून निघणारी हवा खोलीतल्या हवेपेक्षा साधारण 10 ते 12 अंशांनी गार असते. गार हवा जड, म्हणून ती खाली उतरते. झोपलेला माणूस हलत नाही, त्यामुळं तोच झोत तासन् तास एकाच जागी बसतो. गार वाऱ्याची झुळूक शरीराला सगळ्यात जास्त जाणवते ती मानेला आणि घोट्यांना, आणि आपण पांघरूण ओढतो ते बहुधा या दोन टोकांच्या मधोमध. पुण्याचा उन्हाळा मुळात कोरडा. त्यात एसी हवेतला उरलासुरला ओलावा ओढून घेतो. पहाटे घसा सुकून जाग येते, मान धरते, आणि मग ‘मला एसी बाधतो’ असं वाक्य आयुष्यभरासाठी तयार होतं. बाधत असते बऱ्याचदा त्याची जागा.

उशाच्या वर लावला तर झोत थेट लागत नाही, तो पुढं पायांकडं जातो, असा एक युक्तिवाद असतो आणि तो अर्धा खरा आहे. बहुतेक स्प्लिट एसी हवा पुढं फेकतात, पाठीशी नाही. पण डोक्यावर पाच-सहा फुटांवर रात्रभर घरघरणारा पंखा आणि कॉम्प्रेसर चालू-बंद होतानाची नळीतली खळखळ कानाशी येते. पाणी तुंबलं तर ते ठिबकतं उशीवर. आणि सगळ्यात मोठी अडचण कुणी सांगतच नाही. वर्षातून दोनदा सर्व्हिसिंगला येणारा मुलगा उभा कुठं राहणार? तुमच्या गादीवर. वरून पाण्याचा फवारा मारून तो जाळी धुणार, आणि साठलेली काळी धूळ कितीही पिशवी बांधली तरी थोडी गादीवर येणारच. माझ्या स्वतःच्या पहिल्या घरात हे दोन वर्षं सोसल्यावर मी पलंग फिरवला. एसी फिरवण्यापेक्षा ते स्वस्त होतं, आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: एसीला जागा एकच असेल तेव्हा पलंगाला दोन असतात.

दाराबद्दलही नियम आहेत. एसी दाराच्या समोर नको, नाहीतर प्रवाह सरळ बाहेर निघून जातो. दार उघडलं की गारवा जातोच, तेव्हा हेही व्यवहाराला धरून आहे, फक्त दार बंद ठेवलं की प्रश्न मिटतो. ‘दाराच्या वर नको, आत येणाऱ्यावर दबाव येतो’ हा नियम मात्र मला पटत नाही. दारावर कुणी झोपत नाही. तिथं पलंग येऊ शकत नाही, कपाट येऊ शकत नाही, झोत बहुधा खोलीच्या लांबीत जातो. दाराची भिंत घराच्या आत असल्यामुळं पाण्याची नळी लांबवर न्यावी लागते, ही त्या जागेची खरी खोट.

कपाटाच्या वरची जागा बघायला सगळ्यांना आवडते, कारण ती रिकामी दिसते. तिथं फेंगशुई म्हणते की प्रवाह अडतो. हवेचं शास्त्र म्हणतं की कपाटाच्या माथ्यावर आपटून गार हवा उलटी फिरते आणि एसी तीच पुन्हा आत ओढतो. खोली किती गार झाली हे एसी आत ओढलेल्या हवेवरून ठरवतो, त्यामुळं त्याला वाटतं काम झालं, आणि तुम्ही घामात. एसीच्या वर छतापासून अर्धा फूट आणि दोन्ही बाजूंना चार-सहा इंच मोकळे हवेत, समोर अडथळा नको, आणि जमिनीपासून सात-आठ फुटांवर तो बसावा. नवीन बेडरूममध्ये पीओपीचं फॉल्स सीलिंग करताना ही वरची अर्ध्या फुटाची जागा हमखास खाल्ली जाते. सुताराला आधी सांगा.

कुबट प्रवाहाबद्दल फेंगशुई जे म्हणते, त्यातही तथ्य आहे. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा फिरवून फिरवून गार करतो. दोन माणसं दारं-खिडक्या लावून आठ तास झोपली की सकाळी खोली जड वाटते, ती खरोखर जड झालेली असते. पुण्यात यावर उपाय फुकट आहे. मे महिन्यातसुद्धा पहाटे बाहेरची हवा बरी असते. टायमर लावून पाचला एसी बंद करावा, खिडकी उघडावी.

आता दिशा. इथं गोंधळ फार, आणि मला वाटतं मजाही इथंच आहे.

पुण्यातल्या घरांत फेंगशुई एकटी कधी येत नाही. तुळशीबागेतून आणलेला हसरा बुद्ध हॉलमध्ये असतो, देवघर ईशान्येला असतं आणि दोघांचं भांडण नसतं. भांडण लागतं एसीवर, कारण वास्तू आणि फेंगशुई या दोघींनी आठ दिशांना वेगवेगळी तत्त्वं वाटून दिली आहेत. वास्तूत आग्नेय अग्नीची, वायव्य वायूची, ईशान्य पाण्याची, नैर्ऋत्य पृथ्वीची. पहिल्या दोघींची तर नावंच सांगतात. फेंगशुईची पाच तत्त्वं आहेत: काष्ठ, अग्नी, माती, धातू, पाणी. पूर्व आणि आग्नेय काष्ठाची, दक्षिण अग्नीची, पश्चिम आणि वायव्य धातूची, उत्तर पाण्याची, नैर्ऋत्य, ईशान्य आणि मधला भाग मातीचा. ही तत्त्वं एकमेकांना पोसतात आणि एकमेकांना मारतातही. लाकडानं अग्नी वाढतो, धातू लाकूड तोडतो, पाणी अग्नी विझवतं.

मग एसी कोण? इथं सल्लागार फुटतात. धातूचं यंत्र आहे, गार आहे, म्हणून धातू, असं बरेच जण म्हणतात. त्या हिशेबानं तो पश्चिमेला किंवा वायव्येला जातो. वास्तूवाला म्हणतो, वारा देणारं यंत्र, म्हणजे वायू. तोही वायव्येला जातो. म्हणजे एकमत झालं म्हणायचं. पण दुसरा वास्तूवाला म्हणतो, अहो, विजेचं उपकरण आहे, वीज म्हणजे अग्नी, आग्नेयेला लावा. आणि आता खरी गंमत. चिनी परंपरेत वाऱ्याचं म्हणून एक स्वतंत्र चिन्ह आहे, ‘शुन’, तीन रेघांचं. लाकूड आणि वारा दोन्ही त्याचेच. त्या चिन्हाची दिशा आग्नेय. म्हणजे एसीला वारा मानणारा फेंगशुईवाला थेट त्या दुसऱ्या वास्तूवाल्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतो.

नीट बघा, काय झालं. वास्तूत वायव्य वायूची, फेंगशुईत धातूची. वास्तूत आग्नेय अग्नीची, फेंगशुईत वाऱ्याची. एसीला तुम्ही काहीही माना, वारा, वीज किंवा धातू, दोन्ही शास्त्रं मिळून तुम्हाला खोलीच्या एकाच कर्णाच्या दोन टोकांवर पाठवतात. या कर्णावर लावला तर घरातल्या कुठल्याही ज्येष्ठाला पटेल असं एखादं कारण हाताशी असतंच. मी हे गुपित गेली कित्येक वर्षं वापरते आहे आणि माझ्या कामातली निम्मी भांडणं त्यानं वाचली आहेत.

आग्नेयेला एक फेंगशुईचाच आक्षेप येऊ शकतो. लोकप्रिय नकाशात तो धनाचा कोपरा, तत्त्व काष्ठ. एसी धातू धरला तर धातूनं काष्ठ तोडलं, म्हणजे पैशावर कुऱ्हाड. यावर मी एवढंच म्हणते की एसीमुळं पैसा जातो हे खरं आहे, पण तो कुठल्याही कोपऱ्यातून जातो, महावितरणच्या बिलातून. चोवीसवर ठेवला तर जरा कमी जातो. 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबल असलेले नवे एसी सुरू केल्यावर आपोआप 24 अंशांवरच येतात, ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा तसा नियम आहे, आणि तापमान एक अंश वर नेलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते असं तोच ब्युरो सांगतो. सव्वीसवर एसी आणि एकवर छताचा पंखा, ही माझी आवडती जोडी.

याहून एक वेगळी शाखा आहे, अमेरिकेत लिन युन या फेंगशुई-गुरूंनी रुजवलेली. ती होकायंत्र बघतच नाही. खोलीच्या दारात उभं राहायचं आणि तिथून कोपरे मोजायचे. पलीकडचा डावा कोपरा धनाचा, पलीकडचा उजवा नात्यांचा. फेंगशुईवरच्या इंग्रजी मजकुरात बऱ्याचदा हीच असते, कधी होकायंत्राची शाखा असते, पण वाचणाऱ्याला कोणती कुठली ते कळत नाही. एका मजकुरात वायव्य उत्तम आणि दुसऱ्यात तोच कोपरा वाईट, असं वाचलंत तर डोकं धरू नका. दोघं वेगवेगळ्या पट्टीनं मोजताहेत. एक शाखा धरा आणि तिच्याशी राहा.

होकायंत्राची धरणार असाल तर मोबाईलवर सहज विसंबू नका. स्लॅबमधली सळई, लोखंडी कपाट, पलंगाचा सांगाडा, सगळे सुईला ओढतात. मोबाईल हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवून घ्या, खोलीच्या मधोमध उभं राहा, मग दोन पावलं सरकून पुन्हा बघा. दोन ठिकाणी दोन उत्तरं आली तर नकाशावर इमारतीची कड बघून दिशा ठरवा. पुण्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत पडणारा फरक इतका किरकोळ आहे की तो विसरून चालतं. आणि बहुतेक इमारती दिशांना तिरक्या बांधलेल्या असतात, त्यामुळं ‘वायव्य कोपरा’ कित्येक घरांत कोपराच नसतो, भिंतीचा मध्य असतो. तिथं फार ताणू नये.

आता त्या मुलाचा प्रश्न. पाणी.

एसीतलं थंड वेटोळं हवेतला ओलावा पकडतं, त्याचं पाणी होतं आणि ते बारीक नळीनं बाहेर जातं. एप्रिलच्या कोरड्या हवेत ते थोडंच असतं. मेअखेरीस वळवाचे ढग आले की रात्रीत बादली भरते. हे पाणी कुठलाही पंप ढकलत नाही, ते केवळ उतारानं जातं. एसीपासून भिंतीबाहेरपर्यंत नळी सतत खाली उतरत गेली पाहिजे. मध्ये एक जरी उंचवटा आला, तरी पाणी मागं फिरतं आणि घरात गळतं. नळी जितकी लांब, तितका उतार सांभाळणं अवघड, आणि पाच-दहा फूट आडवी नळी केसिंगमध्ये लपवली की ती कुठंतरी झोळते. बेडरूमच्या भिंतीवर एसीखाली पिवळट ओघळ दिसतात ते त्यामुळं. म्हणून एसी शक्यतो बाहेरच्या भिंतीवर किंवा तिच्या अगदी शेजारी हवा. वास्तूच्या भाषेत बोलायचं तर ही त्याची खरी शुभ दिशा: जिकडं बाहेर आहे तिकडं.

तांब्याच्या नळीचंही तसंच. बसवणीच्या दरात बहुधा तीन मीटर नळी धरलेली असते, पुढं प्रत्येक फुटाला पैसे. लांब नळीत गारवा आणि पैसे दोन्ही गळतात. आऊटडोअर युनिटला गरम हवा टाकायला मोकळी जागा लागते. ते ड्राय बाल्कनीत कोंबलं आणि समोर वाळत घातलेल्या चादरी असल्या, तर ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. डक्टमध्ये एकाखाली एक सात मजल्यांची युनिटं लावलेल्या इमारती मी पाहिल्या आहेत. सातव्या मजल्याला खालच्या सहा घरांची ऊब मिळते. शिवाय सोसायटीचा नियम असतो. समोरच्या बाजूला युनिट दिसू नये म्हणून जागा ठरवून दिलेली असते. हे आधी विचारावं, मग दिशा बघावी.

भोक कुठं पाडायचं हेही. बीम आणि कॉलममध्ये कधीही नाही, मिस्त्री कितीही ‘काही होत नाही’ म्हणाला तरी. वीटकामाच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीत कोअर कटिंग दहा मिनिटांचं काम. पण वाकड, हिंजवडी, खराडीकडच्या अनेक नव्या उंच इमारती मायवान पद्धतीच्या आहेत, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या आरसीसी भिंती. तिथं सगळी भिंतच इमारतीचा भार पेलते. बिल्डरनं आधी सोडलेल्या भोकाशिवाय दुसरं पाडायचं नसतं. अशा घरात एसीची जागा ठरलेली आहे, फेंगशुईनं पलंगाशी बोलावं.

बाणेरच्या त्या खोलीकडं परत येते. नशिबानं भिंती ब्लॉकच्या होत्या. खोली पूर्व-पश्चिम बारा फूट, दक्षिणोत्तर दहा. पूर्वेच्या भिंतीत उत्तरेच्या टोकाला दार, त्याच भिंतीला उरलेल्या भागात कपाट. दक्षिणेच्या भिंतीला उशी करून पलंग, म्हणजे डोकं दक्षिणेला, सासूबाई खूश. झोपल्यावर दार उजवीकडं तिरकं दिसतं, पायांच्या रेषेत नाही, बहीण खूश. पश्चिमेच्या भिंतीत पलंगाच्या बाजूला पाच फुटांची खिडकी, आणि खिडकीच्या पलीकडं, उत्तरेच्या टोकाला, साडेतीन फूट कोरी भिंत. पलंगाची लांबी साडेसहा फूट. म्हणजे पायथ्यापासून उत्तरेच्या भिंतीपर्यंत येण्याजाण्याचा पट्टा उरतो तोही साडेतीन फुटांचाच.

एसी साधारण तीन फूट रुंद. पश्चिमेच्या भिंतीवर त्या कोऱ्या जागेत तो बसला की झोत या मोकळ्या पट्ट्यावरून पूर्वेकडं जातो, खोलीच्या लांबीत, पलंगाला समांतर रेषेत नव्हे तर त्याच्या पायथ्याला आडवा. अंगावर कुणाच्याच नाही. गार हवा पट्ट्यात उतरते आणि जमिनीवरून पसरत पलंगापर्यंत येते. वळसे घेत फिरणारा प्रवाह म्हणतात तो हाच. भिंतीपलीकडं आऊटडोअरसाठी सोसायटीनं दिलेला कट्टा. पाण्याची नळी हातभर. आणि कोपरा? वायव्य. वास्तूचा वायू, फेंगशुईचा धातू.

भाऊजींची तक्रार उरली, की पॉइंट दक्षिणेच्या भिंतीवर आहे. केसिंग पट्टीतून तार फिरवावी लागली. एसीला स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा खटका) आणि पुरेशी जाड तार हवी, एक्स्टेंशन बोर्डावर चालवायचा नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. पश्चिमेचं ऊन आऊटडोअरवर पडेल अशीही शंका त्यांनी काढली. दिवसा चालणाऱ्या हॉलच्या एसीला ही शंका लागू पडते. बेडरूमचा एसी रात्री दहानंतर चालतो. तेव्हा छळतो तो सूर्य नव्हे, दिवसभर तापून रात्री ऊब सोडणारी भिंत, आणि तिच्यावर उपाय दुपारी जाड पडदा ओढून ठेवणे.

भाड्याच्या घरात यातलं काहीच हाती नसतं. घरमालक भोक पाडू देत नाही, जुना एसी आहे तिथं आहे. मग पलंग फिरवा. तोही फिरत नसेल तर उशी पायथ्याकडं करा, निदान मान वाचते. एसीच्या तोंडाशी लावायची प्लॅस्टिकची आडवी झडप मिळते, ती झोत वर छताकडं वळवते. फेंगशुईत छत्री-मच्छरदाणीसारखा पडदा सुचवतात, तो मला विनोदी वाटला तरी मच्छरदाणीनं झोत खरंच मोडतो. विंडो एसी असेल तर तो मुळातच खाली बसतो आणि झोपलेल्याच्या उंचीवर वारा सोडतो. त्याच्या रेषेत पलंग नको, आणि तान्ह्या बाळाचा पाळणा तर नकोच.

झोत नक्की कुठं जातो हे बघायचं असेल तर एक उदबत्ती लावा. पंखा बंद, एसी चालू, दहा मिनिटांनी उदबत्ती उशीच्या जागी धरा. धूर हळू हलत वर गेला तर ठीक. आडवा झाला तर रात्रभर तुमची मान त्या वाऱ्यात आहे. मग एसीच्या तोंडाशी हलणाऱ्या पट्ट्यांची दिशा बदला आणि पुन्हा बघा. दिशांच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा या धुरावर माझा जास्त विश्वास आहे.

बाणेरला एक खोट राहिलीच. एसीच्या बरोबर समोर, बारा फुटांवर, दार आलं. शिवाय दारातून मोजणाऱ्या शाखेच्या हिशेबानं एसी बसला नात्यांच्या कोपऱ्यात, म्हणजे नात्यांत गारठा. हे मी बहिणीला मुद्दाम सांगितलं नव्हतं, पण तिनं शोधून काढलं. समोरचं दार हा दोष तिला जास्त खुपत होता. प्रवाह धावत दाराबाहेर जाऊ नये म्हणून फेंगशुईत वाटेत घंटी टांगतात, म्हणून तिनं दाराच्या आत पितळेच्या नळ्यांची किणकिण लावली. पहिल्या रात्री एसी सुरू झाला आणि घंटी वाजायला लागली. थांबेचना. साडेअकराला तिचा फोन, ‘ताई, हे शुभ आहे की अशुभ?’

म्हटलं, झोत थेट दारावर जातोय एवढंच ती सांगतेय. रिमोट घे, पट्ट्या एक पायरी वर कर.

तिनं केलं. फोनवर मलाही ऐकू आलं, घंटी दोनदा किणकिणली आणि गप्प झाली.